मागच्या ओळीतली दोन

बाबांच्या कबरीवरची फुलं मी कुंपणाच्या दारातूनच ओळखली. गर्द लाल, देठाशी वाकलेली, प्रत्येकाला तीन पाकळ्या आणि वर छत्रीसारखी तीन रुंद पानं. लोणच्याच्या जुन्या काचेच्या बरणीत खच्चून भरली होती. बारा तरी असतील. शेजारी डेल्फी आत्या उभी होती, रविवारच्या निळ्या झग्यात, नुकतंच घर आवरून पाहुण्यांची वाट बघणाऱ्या बाईसारखी.

"आवडली का गं?" तिनं विचारलं. "सगळ्या खोऱ्यात आज अशी फुलं कुणाकडे नाहीत."

ते खरं होतं. खोऱ्यातच काय, त्या बियाण्याची फुलं आता दुसरीकडे कुठेच नव्हती.

आमच्याकडे मे महिन्यातला एक रविवार कबरी सजवण्याचा असतो. आदल्या दिवशी गवत खरवडून काढायचं, मातीचे उंचवटे नीट रचायचे, आणि रविवारी प्रत्येकानं आपल्या दारातलं उत्तमातलं उत्तम फूल आपल्या माणसाजवळ ठेवायचं. मग प्रार्थना, गाणी आणि दफनभूमीलगतच्या लांब टेबलांवर जेवण. बाबा फेब्रुवारीत गेले. जमीन गोठलेली होती, खणायला दोन दिवस लागले. म्हणजे त्यांचा हा पहिला रविवार. शनिवारी मी दिवसभर इथे कुदळ घेऊन होते. सकाळी निघताना आत्याला सांगितलं होतं की घरामागची हवी ती फुलं घे. माझ्या डोळ्यांसमोर विहिरीजवळचे आयरिस होते, फाटकाजवळचे पिओनी होते. पण मी म्हणाले ते "हवी ती". त्यामुळे ज्या चुकीबद्दल पुढे लिहिणार आहे, तिची सुरुवात माझ्यापासून आहे.

ट्रिलियम नावाची ही रानफुलं बाबांनी बियांपासून वाढवलेली होती. ज्यानं हे केलं नाही त्याला यात काय विशेष ते कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. बी ऑगस्टमध्ये पिकतं आणि ओलं असतानाच मातीत जावं लागतं. पहिल्या वर्षी वर काहीच दिसत नाही. दुसऱ्या वर्षी गवताच्या पात्याएवढं एक पान. मग काही वर्षं नुसतं एकच पान, जरा रुंद. मग तीन. आणि सगळं सुरळीत झालं तर सातव्या वर्षी फूल. हमरस्त्याच्या वळणावर टॉलिव्हर नावाचा माणूस 'सावलीच्या बागेसाठी रानफुलं' अशी पाटी लावून ट्रिलियम विकतो. तो ती जंगलातून फावड्यानं काढून आणतो. बाबा त्याच्या दुकानावरून जाताना गाडीची काच वर करायचे, जणू आत धूर येतोय.

बाबांचं बी आईच्या माहेरच्या झऱ्याजवळचं होतं. आई जूनमध्ये गेली आणि त्याच ऑगस्टमध्ये ते तिथे जाऊन तीन फळं घेऊन आले. पुढच्या वर्षी ती जागा सुट्टीतल्या बंगल्यांसाठी विकली गेली, झऱ्यावरून रस्ता गेला. उरलं ते आमच्या घरामागच्या बांधावर, पॉप्लरच्या झाडाच्या सावलीत, एका वाफ्यात. इस्पितळात बाबा फार बोलत नव्हते. एकदा मात्र डोळे न उघडता म्हणाले, "लोवेना, यंदा कळ्या येतील. बी वाळू देऊ नकोस." मी नॉक्सव्हिल शहरातल्या माझ्या वाचनालयातून ऑगस्टअखेरपर्यंत रजा घेतली ती एवढ्या एका कामासाठी. बाकी कागदपत्रं आठवड्याभरात उरकली असती.

 मी टेबलापाशी जाऊन बसले. कुणीतरी ताटात कोंबडी वाढली, मक्याचा ब्रेड वाढला, सुकवलेल्या सफरचंदाच्या केकचा तुकडा वाढला. मी सगळं खाल्लं. चुलतभाऊ रुडेल समोर बसून जंगली कांद्यांबद्दल आणि स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलत होता. बाबांच्या फुलांचं त्यानं कौतुक केलं आणि म्हणाला, संपली तर टॉलिव्हरकडून आण की डझनभर, कुणाला फरक कळणार आहे. मी म्हटलं, मला कळेल.

परतताना गाडीत आत्यानंच विषय काढला. मी गप्प का, तिनं विचारलं. मी रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं. त्या झाडाला दुसरी पानं नसतात. फुलाबरोबर येतात ती तीनच, वर्षभराचं जेवण तीच करतात. पानांसकट तोडलं की कंद उपाशी राहतो. कदाचित मरतो, कदाचित पुन्हा एका पानापासून सुरुवात करतो. आणि बी तर गेलंच.

 ती म्हणाली, "मी लहानपणापासून ओंजळी भरभरून तोडलीत. दर मे महिन्यात."

"हो."

"आणि दर वर्षी आम्ही म्हणायचो की जंगलात पूर्वीसारखी राहिली नाहीत." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "बाई गं. आम्हीच खाल्ली की काय ती."

मी तिला सांगितलं की 'हवी ती' हे शब्द माझे होते. ती म्हणाली की मेलेल्या माणसाच्या जेवणानंतर दोष वाटून घ्यायची पद्धत तिला पसंत नाही, गाडी जरा हाक.

घरी पोचल्यावर ती कपडेही न बदलता मागे आली. बांध दगडी आहे, खालच्या वाटेवरून वाफा कमरेच्या उंचीला येतो. आत्याची कंबर वाकत नाही, त्यामुळे वाटेवर उभी राहून तिनं हाताला येतील ती तोडली होती. पुढच्या ओळींत देठांचे हिरवे खुंट उभे होते, कात्रीनं नीट, तिरके कापलेले. आत्या कुठलंच काम गबाळं करत नाही.

मी बांधावर चढले आणि गुडघ्यांवर बसून मागच्या ओळीकडे सरकले, जिथे पॉप्लरची मुळं मातीतून वर आली आहेत. ही जात फूल वर धरत नाही. देठ वाकवून पानांच्या खाली लपवते. वरून पाहिलं तर नुसती पानं. मी पहिलं पान बोटानं उचललं. काही नाही. दुसरं, तिसरं. चौथ्याखाली फूल होतं. त्याच्या पलीकडे, मुळाच्या बेचक्यात, आणखी एक.

"दोन आहेत," मी म्हणाले.

"मग झालं की."

झालं नव्हतं. कालच उमललेली दोन फुलं, तीही सावलीत सगळ्यांत मागे. बाबांनी वहीत लिहून ठेवलं होतं की या फुलांचे पराग इकडून तिकडे नेतात त्या बारीक माश्या आणि भुंगे, आणि थंड वसंतात त्यांचा भरवसा नाही. यंदाचा वसंत थंड होता. वाफ्यात इतर फुलं असती तर गोष्ट वेगळी. परागांनी भरलेली बाराही फुलं आता बाबांच्या कबरीवर बरणीत होती.

हे मी आत्याला सांगितलं. आमच्या दफनभूमीतून कुणी काही उचलत नाही. ठेवलेलं तिथेच कुजतं. मी पाच वर्षांची असताना एका कबरीवरचं कागदी गुलाबाचं फूल खिशात घातलं होतं, तेव्हा माझ्या पोटऱ्यांवर छडी मारणारी बाई म्हणजे हीच आत्या. दफनभूमीच्या कुंपणाची किल्ली तीस वर्षं तिच्याकडे आहे.

तिनं झग्यावरची नसलेली धूळ झटकली.

"गाडी काढ," ती म्हणाली.

आम्ही पोचलो तेव्हा टेबलं घडी करून ट्रकमध्ये चढवणं चालू होतं. आत्या कुणाकडे न बघता सरळ बाबांपाशी गेली आणि बरणी उचलून पोटाशी धरली. आवाज थांबले. रुडेल हातात खुर्ची घेऊन तसाच उभा राहिला.

"डेल्फी आत्या," तो म्हणाला, "तू सुद्धा? आता पिओनी कुणाचे पळवायचे ते सांग, मी मदतीला येतो."

"आर्विलकडून उसनी नेतेय," बाबांचं नाव घेत आत्या म्हणाली. "दिवस मावळायच्या आत परत आणून देईन. तुला पटत नसेल तर इथे बसून त्याच्याकडे लक्ष दे, म्हणजे तो कुरकुरणार नाही."

रुडेलनं खुर्ची उलगडली आणि खरंच कबरीशेजारी बसला. मला वाटतं तो थट्टा करत नव्हता.

घरी मी बाबांच्या टेबलाच्या खणातून त्यांचा बारीक कुंचला काढला. बरणीतल्या एकेका फुलावरून तो फिरवला, पिवळी भुकटी केसांना चिकटेपर्यंत, आणि मागच्या ओळीतल्या दोन्ही फुलांच्या मधोमध टेकवला. आत्या वाटेवर उभी राहून मला बरणीतली फुलं एक एक देत होती, वापरलेलं वेगळं ठेवत होती. बारा झाली. तिनं विचारलं, पुरे का? मी म्हटलं, पुन्हा एकदा सगळी. तिनं पुन्हा पहिलं दिलं.

सूर्य डोंगराच्या मागे जायच्या आधी बरणी जागेवर होती. रुडेल उठला, खुर्ची घडी केली आणि म्हणाला की आर्विल काका एक शब्द बोलले नाहीत.

जूनमध्ये दोन्ही फुलं सुकली आणि दोन्हींच्या मागे हिरवी बोंडं धरली, वाटाण्याएवढी. त्याच आठवड्यात एका सकाळी मुळाच्या बेचक्यातलं झाड बुंध्यापासून नाहीसं झालं होतं. हरणाच्या खुरांचे ठसे मातीत होते. मी वाफ्याकडे बघत बसले, किती वेळ ते सांगता येणार नाही. मग गोठ्याच्या माळ्यावर गेले. तिथे तंबाखूची रोपं झाकायचं पांढरं विरळ कापड घडी करून ठेवलेलं होतं, आजोबांच्या वेळचं, उंदरांनी काठाला कुरतडलेलं. बाबांनी तंबाखू सोडून वीस वर्षं झाली, पण कापड टाकलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी आणि रुडेलनं वाफ्याभोवती तार ओढली. आत्यानं त्या कापडाची अंड्याएवढी पिशवी शिवली. टाके इतके बारीक की मुंगी आत शिरणार नाही. मुंग्यांनाही ते बी आवडतं, पिकल्या दिवशीच उचलून नेतात. मी ती उरलेल्या बोंडावर बांधली.

जुलैत वाचनालयातून फोन आला, लवकर रुजू होता येईल का म्हणून. मी नाही म्हटलं. कारण विचारलं तेव्हा सांगितलं, एक फळ पिकायचं आहे. पलीकडची बाई बरं म्हणाली.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पिशवीला हात लावला तर फळ सुटून आत पडलेलं होतं, काळपट लाल, मऊ. मी आत्याला हाक मारली. तिनं स्वयंपाकघरातून पाण्याची वाटी आणली. फळ तिच्या तळहातावर फोडलं. आत तपकिरी दाणे, प्रत्येकाला एका बाजूनं चरबीसारखी पांढरी शेंडी. तिनं मोजायला सुरुवात केली आणि मी तिला थांबवलं, कारण ते वाळत होते. एकोणीस की वीस, ते मला आजही नक्की माहीत नाही.

पानमाती मी सकाळीच चाळून ठेवली होती. खुंटांच्या ओळीच्या मागे, पॉप्लरच्या अगदी जवळ, एक इंच खोल. आत्या वाटेवरून दाणे पुढे करत होती, मी लावत होते. पुढच्या खुंटांपैकी किती कंद जिवंत आहेत ते एप्रिलमध्ये कळेल. एप्रिलमध्ये मी इथे येणार आहे, आणि त्याच्या पुढच्या एप्रिलमध्येही.

बाबा थंड पेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्यावर खिळ्यानं तारीख कोरायचे. मी तसाच एक पत्रा कापला, महिना आणि साल कोरलं, खाली आईच्या झऱ्याचं नाव.

"फुलायचं साल पण लिही," आत्या म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.

"लिही," ती म्हणाली. "कधी यायचं ते मला ठाऊक असलेलं बरं."

मी सात मिळवून लिहिलं आणि पत्रा मातीत रोवला. तिनं वाकता येईल तितकं वाकून तो वाचला. मग सरळ झाली, दोन्ही हात ॲप्रनच्या खिशांत खोल घातले, आणि आम्ही घरात गेलो.