तरण्या दगडातलं म्हातारं शिसं

कोळवणचा वाल्मीक ढमाले पुण्यात भूशास्त्र शिकवायला लागला, तसा गावच्या देवांशी त्याचा छत्तिसाचा आकडा झाला. म्हसोबाच्या ओढ्यात जाऊन त्यानं नमस्काराऐवजी हातोडा उचलला आणि काळपट हिरवा, भलताच जड दगड फोडून घरी आणला. असले खडक पृथ्वीच्या खोल पोटातून वर येतात. त्यांत निकेल, क्रोमियम, शिसं किती, हे कणाकणानं शोधून त्याला डॉक्टरेट मिळवायची होती. "मातीचा कण राहता कामा नये," असं बजावून त्यानं एक तुकडा आईकडं घासायला दिला आणि स्वतः चावडीवर अंधश्रद्धेवर भाषण ठोकायला गेला.

१९६६ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या प्रयोगशाळेतून निकाल आला. अशा खडकात शिसं नावालाच असतं. इथं ते चिक्कार निघालं. त्यातून शिशाचं वय सांगणारे समस्थानिक मोजले, तर ते खडकाहून कितीतरी जुनं. बापापेक्षा लेक थोरला! मार्गदर्शक प्राध्यापक तर हर्षानं खुर्चीत मावेनात. पृथ्वीच्या पोटातलं आद्य शिसं कोळवणात सापडलं, असं ते जो भेटेल त्याला सांगत सुटले. सगळा प्रबंध त्या शिशावर उभा राहिला. परीक्षकांचं म्हणणं एवढंच, की त्याच दगडाचा आणखी एक तुकडा तपासा. आकडे तसेच आले की पदवी तुमची.

वाल्मीक मिशीत हसत गावी आला. "मागच्यासारखाच लख्ख घास," म्हणत त्यानं उरलेला तुकडा आईपुढं ठेवला.

"नुसता घासू?" चंद्राबाई चाचरली. "मागल्या खेपंला म्या आधी त्येल-शेंदूर थापला हुता. म्हसोबाच्या वढ्यातला दगूड फोडलास, द्येव कोपंल म्हून लई भ्या वाटलं. पुजला, मग राखंनं घासला. तू वरडशील म्हून बोलले न्हाई."

शेंदूर म्हणजे शिसंच, हे वाल्मीक दरवर्षी वर्गात शिकवायचा. ते कुठल्या खाणीतलं, हेही समस्थानिकांवरून ओळखता येतं, असंही सांगायचा. खरं बोलावं तर पदवी गेली, वर प्राध्यापकांची शोभा. त्याला रडू येत होतं आणि रडण्याचीही लाज वाटत होती.

"चुकलं का रं माजं?"

वाल्मीकनं पाट मांडला, तुकडा त्यावर ठेवला आणि दार लोटून घेतलं.

"न्हाई, आई. ह्यालाबी पूज," तो हळूच म्हणाला. "फकस्त शेंदूर मागल्याच दुकानातला हाय न्हवं?"