सुबक वाती

डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असं लांबलचक नाव घेतलं, तेव्हा अस्मिताला त्यातलं एवढंच उमजलं, की उजवा हात रुसलाय आणि नीट समजूत काढल्याशिवाय तो माघारी येणार नाही. वारज्याच्या एका शाळेत ती चौथीला शिकवायची. मुख्याध्यापिकाबाईंनी दिवाळीपर्यंत जागा राखली होती. फळ्यावर लिहिता आलं पाहिजे, एवढीच अट.

थेरपिस्ट स्पृहा तिच्याकडून रबरी माती मळून घेई, भोकांच्या फळीत खुंट्या बसवून घेई. "घरीही चिमटीचं काहीतरी करा, ताई. आवडीचं."

अस्मिताने चातुर्मासात महादेवाला रोज एकवीस फुलवातींचा नेम धरला. कापूस चिमटीत घ्यायचा, दुधाचं बोट लावून टोक पिळायचं. देवाचं देवाला, हाताचं हाताला.

बोटं बधिर, एका डोळ्यापुढे सायीसारखा पडदा. वात कशी झाली ते वळताना तिला कळत नसे. डब्यात टाकायची आणि थकली की आडवी व्हायची. सकाळी सासूबाई, कौशल्याबाई, डबा तिच्यापुढे धरत. "बघ गं, कळ्या जणू!" चांगल्या डोळ्याशी नेऊन ती बघे. खरंच सुबक. चहाचा कप अजून सांडायचा. तिला वाटे, आपलं लक्ष नसेल.

"नेम फळाला आला तुझा," नवरा, आमोद, म्हणाला. "आता थेरपीसाठी कर्वे रस्त्याचे हेलपाटे कशाला? केवढी दमतेस." दमायची हे खरंच होतं. रबरी माती कपाटात गेली. स्पृहाचा फोन आला, तेव्हा अस्मिता हसून म्हणाली, "अगं, वाती इतक्या सुरेख होतायत!"

"होऊ द्यात. पण तुम्ही या."

ती गेली नाही.

दिवाळी झाली. शाळेत जाण्याआधी स्पृहाला हात दाखवावा म्हणून तिघंही गेली. स्पृहाने फळी पुढे ठेवली. पहिली खुंटी टेबलावर पडली, दुसरी जमिनीवर, तिसरी चिमटीत आलीच नाही.

"व्यायाम कधी सोडलेत, ताई?"

"सोडले कुठे? हे बघ ना." अस्मिताने कौतुकाने डबा उघडला.

स्पृहाने एक वात उचलून निरखली. कपाटातून कापूस काढून दिला. "इथे एक करा बरं."

अस्मिताने केली. विस्कटलेला बोळा झाला नुसता, टोकाचा पत्ता नाही. तिने दुसरी केली. मग ती थांबली आणि सासूबाईंकडे वळली.

"तू झोपलीस की मी त्या सारख्या करून ठेवत होते गं," कौशल्याबाई पुटपुटल्या. "तुझा धीर खचू नये म्हणून. आणि उद्यापनाला चार बायका येणार, देवापुढे तसल्या वेड्याविद्र्या..."

"देवाला चालल्या असत्या, आई. तुम्हाला चालल्या नाहीत."

आमोद पंख्याच्या बटणाकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, तेव्हा तिला उरलेलंही कळलं.

स्पृहा हलकेच म्हणाली, "पुन्हा सुरू करू. पण मधले महिने वाया गेले. किती परत येईल, आज सांगता येत नाही मला."

"आणि फळ्यावर लिहायचं?"

"इतक्यात नाही, ताई."

मग कौशल्याबाईंनी पदराने नाक पुसलं. "गुरुजींना सांगून झालंय गं उद्यापनाचं. पुण्य तर तुझ्याच नावावर आहे ना."

"छे, आई. नेम तुम्ही केलात, यजमानपदाला तुम्हीच बसा. मी येईन प्रसादाला. चमचा ठेवा तेवढा, डाव्या हाताने खायला."

"अगं, असं काय बोलतेस!"

अस्मिताने पर्समधून फोन ओढून काढला आणि आमोदपुढे धरला. "मुख्याध्यापिकाबाईंना लाव."

"आत्ता? घरी जाऊन शांतपणे..."

"शांतच आहे मी. माझ्या बोटांनी नंबर लागत नाही. तुम्हा घरच्यांना माझ्या हातची कामं करायची सवय आहे, हेही कर."

त्याने नंबर लावला. पलीकडून "बोला अस्मिताबाई, कधी येताय?" असं आनंदाने आलं.

"जागा भरून टाका, बाई," ती म्हणाली. "माझी वाट बघू नका."