शनिवारचा दंगलखोर

सोमवार ते शुक्रवार मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो आणि शनिवारी दंगल करतो. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या आमच्या गावी पोलीस अकादमी आहे आणि शिकाऊ पोलिसांना सरावासाठी जमाव लागतो. खरा जमाव इथे जमत नाही, थंडी फार. म्हणून अकादमी आम्हां गावकऱ्यांना बोलावते, हातात रबरी विटा देते आणि दुपारी खिमा-बटाट्याचं हॉटडिश खायला घालते.

आमच्या जमावात खोट एकच, तो फार सभ्य आहे. कर्ण्यातून "निघून जा!" असं ओरडलं की निम्मे लोक खरंच निघून जातात. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई वीट फेकल्यावर "लागलं नाही ना रे?" असं विचारतात. शिकाऊंना शिकवणारे सार्जंट ब्रेक्की तेव्हा डोळे मिटून घेतात.

"अहो, तुम्ही चिडलेले आहात!" ते आम्हांला सांगतात.

"कशावर?"

"कशावरही! रस्त्यावरचा बर्फ उपसायला नगरपालिका उशिरा आली की चिडता ना, तसे चिडा!"

त्या शनिवारी शिकाऊंच्या ढालींची रांग आमच्यावर चालून येत होती. एक पाऊल, ढाल पुढे, पुन्हा एक पाऊल. माझ्यासमोर होती मार्लिस ट्वेट. वय एक्केचाळीस, त्यातली चौदा वर्षं शाळेची बस चालवण्यात गेलेली. तिच्या गावचा एकुलता एक पोलीस निवृत्त होत होता आणि ती जागा गावाने तिच्यासाठी धरून ठेवली होती. धावणं, नेमबाजी, सगळ्यात ती पास झालेली. गाडी चालवण्याच्या परीक्षेत तर परीक्षकच तिच्याकडून दोन गोष्टी शिकला म्हणे. घोडं अडलं होतं ते साक्षीत. अकादमीत सरावाचं कोर्ट भरतं. तिथे पहिल्या खेपेला तिची दातखीळ बसली होती; अकरा प्रश्नांना अकरा वेळा "आठवत नाही". दुसऱ्यांदा नापास झालं की घरी.

तर रांग पुढे आली आणि मार्लिसचा बूट माझ्या डाव्या पायावर पडला. मी कळवळलो, तोल गेला, हाताला लागेल ते धरलं. ती तिची ढाल होती.

"हल्ला! ढाल ओढतोय!" सार्जंट हर्षभराने ओरडले. इतक्या शनिवारांनंतर अखेर दंगल झाली होती. मला पालथं पाडून बेड्या घालण्यात आल्या.

"सॉरी हं, सर," मार्लिस माझ्या कानाशी पुटपुटली.

"असू दे," मी गवतात तोंड खुपसून म्हणालो.

पुढच्याच बुधवारी या अटकेचा खटला उभा राहिला. अकादमीची पद्धतच तशी आहे: जमाव पांगवायचा, अहवाल लिहायचा आणि मग त्या अहवालाच्या जिवावर साक्षीला उभं राहायचं. न्यायाधीश होते अकादमीचे ग्रंथपाल, चर्चच्या गायकांचा झगा घालून. ज्यूरीत रांगेतलेच सहा शिकाऊ. आरोपी मी. माझी वकील मात्र अस्सल होती: लोरेन ओयन. तिचं नुसतं नाव काढलं तरी आमच्या जिल्ह्यातल्या पोलिसांना घाम फुटतो. सार्जंट कोपऱ्यात गुणपत्रिका घेऊन बसले.

सरकारी बाजूचे प्रश्न सुखरूप पार पडले. शिकवल्याप्रमाणे मार्लिस प्रश्न वकिलाकडे बघून ऐकत होती, उत्तर ज्यूरीकडे बघून देत होती. मग लोरेन उठली.

"ट्वेट बाई, आरोपीने ढाल धरली ती कुठल्या हाताने?"

मार्लिसचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. सार्जंटांचं पेन थांबलं.

"आठवत..." ती अडखळली. मग तिने श्वास घेतला. "न्यायाधीश महाराज, मी माझी टिपणवही बघू का?"

सार्जंटांनी टेबलाखालून अंगठा वर केला. हे त्यांनीच शिकवलं होतं. साक्षीदाराने वही उघडली की समोरच्या वकिलालाही ती बघता येते, हेही त्यांनीच शिकवलं होतं, पण त्या क्षणी त्यांचं तिकडे लक्ष नसावं.

"मलाही बघू द्या की," लोरेन म्हणाली आणि मोठ्याने वाचू लागली. "'१०.४०. माझा पाय त्यांच्या पायावर पडला. पडताना त्यांनी ढाल धरली. सॉरी म्हटलं. असू दे म्हणाले.' आणि तुमच्या सहीचा अहवाल सांगतो, 'आरोपीने आक्रमक पवित्रा घेऊन ढाल हिसकावण्याचा प्रयत्न केला.' बाई, खरं कुठलं?"

ज्यूरीतले सहाही जण आपापल्या बुटांकडे पाहू लागले. त्यांच्या अहवालांतही हेच वाक्य होतं. शनिवारी ते याच खोलीतल्या फळ्यावर लिहिलेलं मी हॉटडिश खाता खाता पाहिलं होतं. अक्षर सार्जंटांचं.

"दोन्ही आपापल्या परीने खरं" असं म्हणून तिला सुटता आलं असतं. मी वर्गात रोज तसाच सुटतो.

मार्लिस ज्यूरीकडे वळली. "वही. ती मी जागेवर लिहिली. अहवाल जेवणानंतर, फळ्यावरचं बघून."

"म्हणजे अहवाल खोटा?"

"हो, बाई. चौदा वर्षं बस चालवली मी. ब्रेक जोरात लागून पोर पडलं, तर पोराने बसवर हल्ला केला असं नाही लिहिता येत. सही माझी आहे. ती चूकही माझीच."

मी निर्दोष सुटलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सार्जंटांनी गुणपत्रिका पुढ्यात ओढली. आवाज, नजर, वहीचा वापर, वकिलाशी न भांडणं, असे तीत रकाने होते. खरं बोलण्याचा रकाना नव्हता. बहुधा ते गृहीत धरलं असावं.

"ट्वेट, पहिल्याच अटकेचा खटला घालवलास."

"हो, सार्जंट. सामान बांधू?"

"पास झालेला माणूस सामान कशाला बांधेल?" ते गुरगुरले आणि ज्यूरीकडे वळले. "तुम्ही सहाजण! अहवाल पुन्हा लिहायचे, आपापल्या वहीवरून. वही लिहिलीय किती जणांनी?"

दोन हात वर झाले. त्यातला एक अर्धाच.

सार्जंट उठले आणि फळ्यावर अजून तसंच असलेलं ते वाक्य त्यांनी स्वतःच्या बाहीने पुसलं. "आणि ट्वेट, शनिवारी पाऊल टाकायचा सराव. चाळीस वेळा. समोर हेच सर."

शनिवारी मी माझे सर्वांत जाड बूट घालून गेलो. रांग पुढे आली. मार्लिसने आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग पाऊल टाकलं. तिच्या शेजारच्या ज्यूरीतल्या भिडूने पाहिलं नाही. "सॉरी, सर!" तो म्हणाला आणि मी उठून बसायच्या आत त्याने खिशातून वही काढली.