गेरहार्डच्या कार्बाईनसाठी

नाना म्हटले की मला आधी एक आवाज आठवतो. चेहरा मागाहून येतो. तळघरातल्या त्यांच्या टेबलावर एक थरथरणारं भांडं असे, त्यात अक्रोडाच्या टरफलांचा जाडसर भुगा आणि त्या भुग्यात घोळणाऱ्या, एकदा उडवून झालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या. डब्यात शेंगदाणे हलवावेत तसा तो अखंड, दाणेदार खळखळाट जिन्यावरून वर येई, स्वयंपाकघराच्या फरशीतून तळपायांना जाणवे आणि माझ्या कुकरच्या शिट्टीत मिसळून जाई. भांडं थांबलं की नाना एकेक पुंगळी उचलून खिडकीच्या अरुंद उजेडात धरत. काजळी गेलेलं, पहाटेच्या उन्हाच्या रंगाचं ते पितळ पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरे, ते माझ्या हातची पुरणपोळी खाऊनही कधी पसरलं नाही, हे मी त्यांना अनेकदा ऐकवलं होतं.

नाना माझे सासरे. लुडविग्सहाफेनच्या रासायनिक कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ म्हणून त्यांची सगळी हयात गेली आणि निवृत्तीनंतरही त्यांच्या हातातला तराजू सुटला नाही. सासूबाई मी या घरात येण्यापूर्वीच गेलेल्या. नवरा आठवडाभर नोकरीसाठी हॅनोव्हरला. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार घरात मी, माझी लेक ईरा आणि नाना, एवढेच. सांगलीहून आलेल्या मला सासरा तळघरात बंदुकीची काडतुसं भरतो ही गोष्ट पचायला बरेच दिवस लागले. माहेरी फोनवर मी ती कधीच सांगितली नाही. आईने धसका घेतला असता.

हे वेड त्यांना गेरहार्डने लावलं. प्रयोगशाळेत दोघांची टेबलं शेजारी होती. नाना या देशात नवे असताना, पहिल्याच हिवाळ्यात, जेव्हा त्यांना कुणी कुठे बोलावत नव्हतं, तेव्हा हा उंच, घोगऱ्या आवाजाचा माणूस त्यांना आपल्या नेमबाजी मंडळात, म्हणजे तिथल्या भाषेत फेराइनमध्ये, घेऊन गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला की हा माझा मित्र आहे. नाना हा प्रसंग सांगत तेव्हा नेहमी एवढ्यावरच थांबत, आणि चष्मा पुसत. पुढे तिथल्या रीतीप्रमाणे परीक्षा झाल्या, बंदुकीचा परवाना झाला, बारूद बाळगण्याचा आणखी वेगळा परवाना झाला. मैत्री मात्र त्या एका वाक्यावरच चालत राहिली.

उतारवयात गेरहार्डने हौसेने एक कार्बाईन घेतली. लाकडी दस्ता, आखूड नळी, खाली हाताला कडी. ती कडी पुढे ढकलून मागे ओढली की उडालेली पुंगळी बाहेर पडते आणि नळीखालच्या लांबट कोठीतून पुढचं काडतूस आपोआप वर येतं. काडतूस पिस्तुलाचं, पण मोठ्या जोराचं, मॅग्नम म्हणतात ते. मंडळातले लोक या बंदुकीला हसत. गुराख्यांचं खेळणं, म्हणत. पन्नास मीटरवर कागदभर भोकं पाडते, एका जागी काही मारत नाही. गेरहार्ड हिरिरीने भांडे. दोष बंदुकीचा नाही, विकतच्या काडतुसांचा आहे, हिच्या मापाचं काडतूस हाताने बनवलं तर बघा, असं तो सगळ्यांना बजावत असे. आणि ते बनवायच्या आधीच त्याला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. कार्बाईन रीतसर नानांच्या नावावर झाली आणि नानांनी मनाशी ठरवून टाकलं की गेरहार्डचे डोळे शाबूत आहेत तोवर त्याच्या हातात एक असा कागद ठेवायचा, ज्यावर त्याच्याच बंदुकीच्या पाच गोळ्या एका जागी लागलेल्या असतील. डॉक्टरांनी फार आशा दिलेली नव्हती. म्हणजे वेळ थोडा होता, आणि घाई करणं नानांच्या रक्तात नव्हतं.

तो फुटबॉलच्या विश्वचषकाचा उन्हाळा होता. गल्लीत खिडक्याखिडक्यांतून झेंडे लटकत होते, संध्याकाळी सगळा मोहल्ला एकदम ओरडे, आणि आमच्या तळघरात एक माणूस श्वास रोखून तराजूच्या काट्याकडे पाहत बसलेला असे. पुंगळीच्या बुडात ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, तोललेलं बारूद ओतायचं, वर गोळी बसवायची. गोळी नेहमी चपट्या तोंडाची, कारण कोठीत काडतुसं एकामागे एक झोपतात आणि टोकदार गोळी पुढच्याच्या बुडातल्या टोपीला टोचली तर अनर्थ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा त्यांचा दंडक. आज बारूद चिमूटभर कमी, पुढच्या खेपेला गोळी केसभर आत. शनिवारी डोंगराच्या पायथ्याशी, द्राक्षमळ्यांच्या पलीकडे असलेल्या मंडळाच्या रेंजवर जायचं, वाळूच्या पिशवीवर नळी टेकवून पाच गोळ्या झाडायच्या आणि कागद घडी न घालता घरी आणायचा. ईरा विचारायची, ‘‘ओपा, वार एस गूट?’’ आजोबा, चांगलं झालं का? आणि नाना तिला मराठीत उत्तर द्यायचे, ‘‘अजून नाही गं बाळ. पण बंदूक ऐकायला लागलीय.’’

बंदुकीने खरोखरच ऐकलं. ऑगस्टच्या शेवटी एके शनिवारी त्यांनी स्वयंपाकघरात माझ्यासमोर कागद ठेवला, त्यावर पाच भोकं एकमेकांत मिसळून गेलेली, जणू लिंबाएवढा एकच छेद. नाना तो पुन्हा पुन्हा फिरवून पाहत होते. मला नेमबाजीतलं ओ की ठो कळत नाही, पण त्या कागदाकडे बघून माझाही ऊर भरून आला. मी म्हटलं, चला, आत्ताच जाऊ गेरहार्डकडे. तर म्हणे थांब, महिनाभराने मंडळाची शरदातली स्पर्धा आहे, सगळ्यांच्या देखत मारतो आणि मग दोन्ही कागद नेतो.

स्पर्धेत अब्रू गेली. नियमाप्रमाणे काडतुसं कोठीत भरायची आणि कडी ओढत एकामागून एक झाडायची. पहिली बरोबर लागली, दुसरी जरा वर, आणि पुढच्या तिन्ही, जत्रेत हरवलेल्या पोरांसारख्या, कुठच्या कुठे. मंडळी हसली नाहीत, हे नानांना जास्त लागलं. घरी येऊन त्यांनी न झाडलेलं, पण कोठीत राहून धक्के खाल्लेलं एक काडतूस मापून पाहिलं आणि खुर्चीत बसून राहिले. गोळी पुंगळीत आत सरकली होती. उन्हाळाभर रेंजवर ते एकेक काडतूस हाताने, अलगद, थेट नळीत ठेवत आले होते. पितळावर ओरखडा नको, गोळीला धक्का नको, ही प्रयोगशाळेतली जुनी सवय. आणि पुंगळीचं तोंड गोळीभोवती घट्ट आवळलं की तिचा आकार बिघडतो, म्हणून त्यांनी ते जेमतेम टेकवलेलं. एकट्या काडतुसाला ते पुरे होतं. कोठीतल्या स्प्रिंगच्या दाबापुढे आणि प्रत्येक बाराच्या हादऱ्यापुढे ते टिकणार कसं? आत सरकलेल्या गोळीमागे दाब वाढतो, प्रसंगी माणसाच्या जिवावर बेततं, हे जाणून त्यांनी उरलेली सगळी काडतुसं त्याच दिवशी उकलून टाकली. एवढा लाडाने जमवलेला संसार त्यांनी निमूटपणे मोडला आणि जेवायला वर आले.

पुढचे काही आठवडे तळघर गप्प होतं. मला तो खळखळाट नकोसा वाटायचा. आता नसल्यावर घर रिकामं वाटायला लागलं. गेरहार्डची तब्येत उतरत चालली होती. शेवटी मीच न राहवून म्हटलं, ‘‘अहो नाना, तो ऑगस्टमधला कागद आहे ना? तोच न्या की. त्यांच्याच बंदुकीच्या गोळ्या आहेत, खोटं काय त्यात?’’

नानांनी मान हलवली. मग म्हणाले, ‘‘आल्झो मेधा, म्हणजे असं बघ, ती बंदूक कोठीतून चालते. मी तिला चमच्याने भरवलं. ते तिचं काम नव्हे, माझं.’’

मला त्यांचा राग आला. तत्त्व जपता जपता माणूस निघून जाईल, असं मी मनात म्हटलं, आणि भांडी जरा आपटूनच घासली.

दिवाळीचा फराळ करायला ते दरवर्षी माझ्याबरोबर बसत. करंज्या कातायचं काम त्यांचं, कारण त्यांच्या हाताची अर्धचंद्रासारखी रेखीव कड मला कधी जमली नाही. पण त्या वर्षी कढईत सोडलेल्या पहिल्या चारही करंज्या उकलल्या आणि सारण तेलभर झालं. पाहते तर कड नुसती सुबक कातलेली, बोटांनी दाबलेलीच नाही. मी करवादले, ‘‘अहो, दाबा की नीट! ओबडधोबड दिसली तरी चालेल, पण तेलात तोंड उघडायला नको.’’ नानांचा हात कातण्यासकट हवेत राहिला. त्यांना काही नवीन कळलं होतं अशातला भाग नाही. उपाय त्यांना स्पर्धेच्या दिवसापासून माहीत होता. फक्त तो लिंबाएवढा देखणा छेद सोडवत नव्हता. त्यांनी पुढची करंजी हातात घेतली, कडेने अंगठा दाबत दाबत शेवटपर्यंत नेला, आणि ती वेडीवाकडी करंजी माझ्यापुढे धरून पहिल्यांदाच त्या महिन्यात हसले.

भाऊबीज झाली आणि भांडं पुन्हा खळखळू लागलं. या खेपेस नानांनी पुंगळीचं तोंड गोळीच्या कंबरेवरच्या खाचेत घट्ट आवळलं, बारूद पुन्हा जरा कमी करून सावकाश वर नेलं, आणि प्रत्येक खेपेला काडतुसं कोठीतूनच चालवली. कागद पूर्वीसारखे देखणे येईनात. नाना ते मुकाट्याने पाहत, पुन्हा खाली जात. ऱ्हाईनवरचं धुकं आता दुपारपर्यंत हटत नसे, कारखान्याच्या चिमण्या नुसत्या वरच्या टोकांनी दिसत, आणि बागेतल्या दिव्याच्या उजेडात नानांचा कोट अंगणातून जाताना एखाद्या ढगासारखा वाटे. असाच एक शनिवार होता. रेंजवरून ते परतले, बूट दाराशी काढले आणि मला म्हणाले, ‘‘मेधा, गाडी काढतेस? माझ्याने आज चालवली जाणार नाही.’’ कागद त्यांनी कोटाच्या आत छातीशी धरला होता.

गेरहार्डच्या बायकोने दार उघडलं, त्याची खोली पहिल्या मजल्यावर होती. खिडकीबाहेर पानं झडलेलं अक्रोडाचं झाड, आत गरम हवेचा आणि औषधांचा वास. एके काळचा तो उंच माणूस उशीत फार थोडा उरला होता. डोळे मात्र निळे, जागे. नानांनी कागद त्याच्या छातीवरच्या चादरीवर ठेवला. पाच भोकं. ऑगस्टपेक्षा सैल, पण एकमेकांना धरून बसलेली. गेरहार्डने डावा हात कष्टाने उचलला आणि अंगठा भोकांवर ठेवला. भोकं झाकली गेली नाहीत, दोन बाहेर राहिली. अंगठा त्याने तसाच राहू दिला. मग नानांकडे बघत त्याने हात वर घेतला, बोटं कडीत अडकवल्यासारखी वाकवली, आणि हवेत पुढे ढकलून मागे ओढली. पुन्हा ढकलली, पुन्हा ओढली. आणि भुवया उंचावून थांबला.

तो विचारत होता. कोठीतून?

नाना वाकले. त्यांनी मित्राचा तो अडखळता हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, ‘‘हो, गेरहार्ड. सगळी कोठीतून.’’ गेरहार्डने डोळे मिटले, आणि त्याच्या चेहऱ्याच्या ज्या अर्ध्या भागाला हसता येत होतं तो हसला. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. ऑगस्टचा कागद आणला असता तर या प्रश्नाला नानांनी काय उत्तर दिलं असतं, हे माझ्या मनात आलं आणि मला रडू आवरेना.

गेरहार्ड त्याच हिवाळ्यात गेला. कागद त्याच्या उशाशी होता, तो त्याच्या बायकोने नानांना परत दिला. त्यानंतर काही वर्षांनी नानाही गेले. कार्बाईन नियमाप्रमाणे मंडळातल्या एका परवानाधारकाकडे गेली, बारूद जमा झालं, थरथरणारं भांडं कुणीतरी मागून नेलं. तळघरात आता ईराची सायकल आहे. तो कागद मी स्वयंपाकघरात, फराळाच्या डब्यांच्या फळीवर लावला आहे. दिवाळीत करंजीची कड दाबताना माझी नजर तिथे जाते, आणि खालून काहीच आवाज येत नाही हे तेव्हा नव्याने कळतं. काळाच्या हादऱ्यांत सगळंच थोडं थोडं आत सरकत जातं, चेहरे, आवाज, हातांची ऊब. पण ज्या दोघांनी एकमेकांना इतकं घट्ट धरलं होतं, ते त्या पाच भोकांत अजून जागच्या जागी आहेत.