आठ वाट्या आणि अप्पारावांचं इंग्रजी

मित्रांनो, मी पितळेचा पानडबा. जुना म्हणा, चालेल. पण माझं झाकण अजूनही असं घट्ट बसतं की आत मुंगी शिरायची नाही. कुंभकोणमच्या कासारांच्या गल्लीत माझा जन्म झाला. तळात पानं ठेवायला जागा, वर ताटली आणि ताटलीत आठ वाट्या. त्यांत चुना, कात, सुपारीपासून वेलची-लवंगांपर्यंत सगळा थाट. माझ्याशिवाय या गावात सोयरीक जुळत नसे आणि भांडण मिटत नसे. हे मी फुशारकीने सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनेच सांगतो.

माझे धनी अप्पाराव. तंजावरच्या राजवाड्यात ते मोडी लिहीत. इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि ते बायकोला, गोमतीबाईंना, घेऊन कुंभकोणमला आले. काही वर्षं लोकांना मोडी कागद वाचून देण्यावर घर चाललं. मग कचेरीत सगळं इंग्रजी झालं आणि मोडीला कुणी विचारीना. अशात मुन्सिफ कोर्टात दुभाष्याची जागा निघाली. मराठी आणि तमिळ त्यांना येतच होतं. इंग्रजी व्याकरणाची परीक्षा तेवढी द्यायची होती. नापास झाले, तर तिरुनीलक्कुडीला मेहुण्याच्या शेतावर जाऊन राहायचं ठरलं होतं. मेहुणा रंगा भला माणूस. पण आयुष्यभर मेहुण्याच्या पंगतीला बसायचं, या विचाराने अप्पारावांच्या घशाखाली घास उतरेना.

शिकवायला कृष्णमूर्ति नावाचा तरुण मास्तर यायचा. तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, शिकवणी चाले. अप्पारावांनी शब्दांच्या आठही जातींच्या व्याख्या लहानपणीच्या स्तोत्रांसारख्या घोकल्या. नामापासून केवलप्रयोगीपर्यंत खडाखडा, एका दमात. मास्तर खूश झाला. मग त्याने एक साधं वाक्य दिलं आणि यातलं विशेषण कोणतं, असं विचारलं. अप्पारावांनी पुन्हा व्याख्याच म्हटली, जरा मोठ्या आवाजात. मास्तर बिचारा पुस्तक मिटून उठला. तो गेल्यावर अप्पाराव बायकोला म्हणाले, "रंगाला निरोप पाठव. मज हें साधायचें नाहीं."

गोमतीबाईंनी निरोप पाठवला नाही. त्यांनी मला उचललं, माझ्या आठही वाट्या केळीच्या पानावर उपड्या केल्या आणि धुऊन-पुसून पुन्हा ताटलीत मांडल्या. मला वाटलं, सणासाठी घासायला काढलं. कसलं काय! त्यांनी अप्पारावांकडून इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या करून घेतल्या आणि वाटीवाटीला एकेक जात नेमून दिली. तांबूल मिरवणाऱ्या माझ्या पोटात कागदाचे कपटे! मी किती तापलो, ते काय सांगू.

गोमतीबाई म्हणाल्या, "मज इंग्रजी येत नाहीं. हा शब्द काय काम करतो, तें तुम्ही सांगा. मग वाटी मी सांगतें."

गंमत तिथेच होती. त्यांना येत नव्हतं, म्हणून अप्पारावांना एकेक शब्द समजावून सांगावा लागे आणि सांगता सांगता तो त्यांनाच उमगे. 'रिव्हर' हे नदीचं नाव, म्हणून नामाच्या वाटीत. 'फ्लोज' म्हणजे वाहते, ते क्रियापदाच्या. 'फास्ट' या शब्दावर मात्र गाडं अडलं. वेगवान घोडा म्हणताना तो एका वाटीत जाई, घोडा वेगाने धावतो म्हणताना दुसरीत. अप्पाराव चिडले. गोमतीबाई हसून म्हणाल्या, "मी माहेरीं लेक, एथ सून. बाई एकच की." तेव्हापासून अप्पाराव पाठांतर सोडून शब्दाचं काम पाहू लागले. माझाही राग ओसरला. लवंगा काय, कुठल्याही डब्यात राहतात.

परीक्षेला मला नेलं नाही, याचं वाईट वाटलं. पण परीक्षक विचारत गेले, तशी आपली बोटं मांडीवर वाट्या चाचपत होती, असं अप्पारावांनी घरी येऊन सांगितलं. ते पास झाले. जागा मिळाली.

मग अभिनंदनाला माणसं लोटली. कोर्टातले कारकून आले, मास्तर आला, रंगाही आला. पाहुण्यांना विडा द्यायला अप्पाराव मला न्यायला आत आले आणि वाट्यांतल्या चिठ्ठ्या काढायला माझं झाकण उघडू लागले. गोमतीबाईंनी झाकणावर हात ठेवला.

"परीक्षा तुमची झाली," त्या हळूच म्हणाल्या. "माझा अभ्यास उरला आहे."

अप्पाराव घुटमळले. बायको इंग्रजी शिकते, हे कळलं तर गावभर टवाळी होणार, हे त्यांना ठाऊक होतं. बाहेर माणसं खोळंबली होती. शेवटी त्यांनी मला फळीवर ठेवलं आणि पान-सुपारी केळीच्या पानावर मांडून नेली. एका कारकुनाने विचारलंच, की तुमचा तो नामांकित डबा कुठे गेला?

"तो रिकामा नाहीं," अप्पाराव म्हणाले. "घरांत अभ्यास चालू आहे."

कुणाचा, असं दोघातिघांनी एकदम विचारलं. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती.

"गोमतीचा," अप्पाराव म्हणाले.

मित्रांनो, त्या दिवशी मी आत फळीवर बसून होतो, आणि इतका मान मला कुठल्या लग्नातही मिळाला नव्हता. तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं भांडं असेल, तर त्याला चिंच लावून लखलखीत जरूर करा. पण शोभेला मांडून ठेवू नका. घरात जे कोणी शिकत असेल, मग त्याचं वय काहीही असो, त्याच्या हाताशी ते ठेवा.