तंबू ठोकायची जागा

वाळवंटाची भीती मला माझ्या नोकरीने लावली. आल्पाइन गावात, शेरीफच्या कचेरीत मी आपत्कालीन फोन घेते. कुणाच्या घराला आग लागलेली असते, कुणाचा नवरा छाती धरून बसलेला असतो; ते सगळं आधी माझ्या कानात येतं. पण उन्हाळ्यात दक्षिणेकडून, बिग बेंडच्या वाळवंटी उद्यानाच्या बाजूने येणारे फोन निराळे. माणसं दमलेली असतात आणि तरी फार सभ्यपणे बोलतात, जणू उगाच त्रास देताहेत. मग आवाज तुटतो. त्यांचं पुढे काय झालं ते कधी कळतं, कधी मीच विचारत नाही.

म्हणून ऑक्टोबरच्या सुट्टीत आपण सगळ्यांनी राष्ट्रीय उद्यानात तंबू टाकून राहायचं, असं गिलने, माझ्या नवऱ्याने, जेवताना जाहीर केलं तेव्हा माझा घास तोंडातच फिरायला लागला.

"लोक कुठून कुठून येतात तिथे," गिल म्हणाला, "आणि आपण दोन तासांवर राहून एकदा मुक्काम केलेला नाही."

"येतात ना. आणि मग मला फोन करतात."

नायेली, आमची अकरा वर्षांची मुलगी, खो खो हसली; आईला ती मामी म्हणते. "मामीला सहलीतसुद्धा मयत दिसतं!"

टेबलाच्या टोकाला माझे सासरे, डॉन एलिसेओ, बीन्स टॉर्टिलाने पुसून खात होते. तरुणपणी त्यांनी त्याच मुलखात, नदीच्या काठाने, कँडेलियाची झुडपं उकळून मेण काढायचं काम केलेलं. वाळवंटाचा विषय निघाला की तो त्यांच्या परसातला असल्यासारखे बोलायचे. नायेली त्यांना वेलो, म्हणजे आजोबा, म्हणायची आणि शेपटासारखी त्यांच्या मागे असायची.

गिलने नकाशा पसरला. त्याचं म्हणणं साधं होतं: नळ, संडास आणि शेजारी चार तंबू असलेली उद्यानाची ठरलेली जागा घ्यायची.

"ती काय राहायची जागा?" डॉन एलिसेओ म्हणाले. "शेजारचा घोरला तर आपली झोप मोडते. इकडे बघ." त्यांनी जुन्या खाणीच्या रस्त्यावर बोट ठेवलं आणि तो रस्ता जिथे एका कोरड्या ओढ्याला छेदतो तिथपर्यंत नेलं. "इथून थोडं वर पालोमाचा झरा. कॉटनवूडची झाडं, दाट सावली. बारा महिने पाणी."

"शेवटचं कधी पाहिलंत?" मी विचारलं.

"पाणी कुठे पळून जातंय?"

"डॉन एलिसेओ, कधी पाहिलंत?"

त्यांनी नकाशाची घडी घातली. मी गिलला म्हणाले, नळ असेल तर मी येईन, नाहीतर मीही नाही आणि नायेलीही नाही. त्यावर म्हातारा मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मुलाला म्हणाला, "ही पोरगी टेलिफोनवरून वाळवंट ऐकते आणि मला शिकवते."

त्याच आठवड्यात गिलने नवा तंबू आणला, भडक नारिंगी. परसात तो उभा करताना गिल आणि नायेली काठ्यांवरून भांडले, शेवटी नायेलीलाच तो नीट जमला. मी आत जाऊन बसून पाहिलं. कापडातून आलेल्या उजेडाने माझे हात नारिंगी दिसत होते, आणि ऊन बाहेर असूनही आत श्वास कोंडत होता. ही माणसं मला आनंदाने कुठे घेऊन चालली आहेत, असं वाटून मी पटकन बाहेर आले. 

सप्टेंबरातल्या एका शनिवारी माझी दिवसपाळी होती. गिल विजेच्या तारांच्या कामावर फोर्ट डेव्हिसकडे गेलेला. नायेली वेलोंबरोबर घरी. शनिवारी ती दोघं जुन्या ट्रकमधून डोनट आणायला जायची आणि अर्धा दिवस गावभर हिंडून यायची, त्यामुळे माझं लक्ष घराकडे नव्हतं.

दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली होती. फोन वाजला.

"आपत्कालीन सेवा. कुठून बोलताय?"

खरखर. वारा. मग एक बारीक आवाज, "हॅलो? आमचा ट्रक वाळूत अडकलाय. माझे आजोबा पाणी आणायला गेलेत, ते अजून आलेच नाहीत."

आवाज मी पहिल्या शब्दालाच ओळखला होता, पण ओळखलंय हे मान्य करायला डोकं तयार होईना. तिने मला ओळखलं नव्हतं. कामावर माझा आवाज वेगळा असतो.

"नायेली," मी म्हणाले.

"मामी?"

शेजारी बसणाऱ्या डार्लाने माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला, फोन मला दे म्हणून. घरच्या माणसाचा फोन दुसऱ्याने घ्यायचा, असा आमच्यात नियमच आहे. मी नकारार्थी मान हलवली. तिने दुसऱ्या लाइनवरून ऐकायला घेतलं.

"कुठे आहेस?"

"माहीत नाही. वेलो म्हणाले, आधी जागा बघून येऊ, मग मामी नाही म्हणायची नाही. तुला सांगायचं नव्हतं, गंमत म्हणून. रस्त्यात ओढा आला आणि चाकं रुतली. मी टेकाडावर चढलेय, इथेच फोन लागतो. किती वेळ लावत होते."

"ट्रक दिसतोय तिथून?"

"हो."

"पाणी किती आहे?"

"कॅन होता तो वेलोंनी इंजिनात ओतला, धूर येत होता. माझ्याकडे बाटली आहे. अर्धी." तिने नाक ओढलं. "म्हणून तर ते झऱ्यावर गेले. म्हणाले, हा गेलो आणि हा आलो."

"कुठल्या बाजूला?"

"ओढ्यातून वर."

त्या दिवशी आल्पाइनलाच उष्म्याने लोक हैराण झाले होते, आणि नदीकडचा भाग आमच्याहून कितीतरी खाली आणि तापलेला.  माझा आवाज मात्र तसाच राहिला; त्या आवाजाला इतकी वर्षं जुंपलेलं होतं की तो माझ्याशिवायही चालत होता.

"नीट ऐक. खाली ट्रककडे जा. आत बसायचं नाही, सावलीच्या बाजूला जमिनीवर बसायचं. तहान लागली की प्यायचं, उरवायचं नाही. तंबू आणलाय का?"

"मागे आहे."

"त्याचं वरचं नारिंगी कापड ट्रकच्या टपावर पसर, कडांना दगड ठेव. मग थोड्या थोड्या वेळाने हॉर्न वाजव. तिथून हलायचं नाही."

"आणि वेलो?"

"त्यांना आणायला माणसं येताहेत."

"मी जरा ओढ्यातून वर जाऊन हाक मारू? लांब नाही जाणार."

"नाही."

"पण मामी, ते पडले असतील तर?"

हे मी कितीतरी परक्या माणसांना सांगितलं होतं. बायकोला शोधायला निघालेल्या नवऱ्यांना, भावांना. सांगून झालं की मी कॉफी प्यायला उठत असे.

"पडले असतील तरी नाही," मी म्हणाले. "हाका मारत असले तरी नाही. ऐकलंस?"

ती रडायला लागली. "तू इतकी दुष्ट का आहेस?" आणि फोन तुटला.

मी परत लावला. लागला नाही. पुन्हा, पुन्हा. डार्ला तोवर उद्यानाच्या लोकांशी बोलत होती. फोन कुठल्या मनोऱ्यावरून आला एवढंच आमच्या पडद्यावर दिसत होतं, आणि तो मनोरा अर्ध्या मुलखाला पुरतो. "जुना खाणीचा रस्ता," मी तिला म्हणाले, "जिथे ओढा आडवा येतो तिथे. पालोमाचा झरा." डार्लाने ते पुढे सांगितलं, ऐकलं, आणि रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"इसेला, ते म्हणतात तो झरा आटून वर्षं झाली."

मी गिलला कळवलं. लगेच त्याच्या गाडीचं दार आपटल्याचं ऐकू आलं. मलाही निघायचं होतं. किल्ल्या हातात होत्या. पण नायेली पुन्हा टेकाडावर चढली आणि तिने पुन्हा फोन लावला तर? मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि बसले.

पुढचा वेळ मला सलग आठवत नाही. फोन वाजला, मी झेप घेतली, तर एक माणूस म्हणाला हायवेवर गाय उभी आहे. मी त्याला विचारलं कुठल्या रंगाची. का विचारलं कोण जाणे. पुन्हा वाजला, कुणाला तरी ऐकायचं होतं की नदीवर पोहायला परवानगी आहे का. मी सभ्यपणे उत्तरं दिली. मधेच मला अगदी स्पष्ट दिसायचं, ती उठली आहे, बाटली दगडावर विसरली आहे आणि ओढ्यातून वर निघाली आहे. तिच्या पाठीमागची वेणीसुद्धा दिसायची. वेलोंच्या मागे जायचं नाही हे तिला आयुष्यात कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. सांगितलं ते मी, आणि माझ्यावर ती चिडलेली होती.

डार्लाने समोर पाणी आणून ठेवलं. मला ते पिववेना. नायेलीकडे अर्धी बाटली, आणि माझ्यासमोर हा भरलेला ग्लास.

ऊन कलायला लागलं तेव्हा रेडिओवर एका बाईचा आवाज आला, उद्यानाच्या शोधपथकातली होती. "नारिंगी काहीतरी दिसतंय," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही.  मग, "मुलगी सापडली. ट्रकपाशीच आहे. बोलतेय. ओढ्याकडे बोट दाखवतेय."

मी समोरचा ग्लास उचलला आणि एका दमात प्यायले.

डॉन एलिसेओ त्यानंतर सापडले. ओढ्यात वर, वाळलेल्या झाडांच्या बुंध्यांपाशी, कपारीच्या टीचभर सावलीत. त्यांनी हातांनी खड्डा खणला होता, कोपरापर्यंत. नखं फुटली होती. तळाशी ओल लागली होती म्हणे, पाणी नाही. ती ओली वाळू त्यांनी टोपीत भरून डोक्यावर थापली होती. त्यामुळेच जगले असं डॉक्टर म्हणाले. हेलिकॉप्टरने त्यांना उत्तरेकडच्या ओडेसा शहरातल्या इस्पितळात नेलं.

नायेलीला घेऊन गिल घरी आला. ओठ फुटलेले, हॉर्न दाबून दाबून तळव्याला वळ. मी तिला धरलं तर ती लाकडासारखी उभी राहिली. "मला हाक ऐकू आली होती," ती म्हणाली. "एकदा. मी नाही गेले." आणि मग खोलीत निघून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ओडेसाला मी एकटी गेले. जाताना गाडीत मी जे जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं बोलायला तयार होते. म्हातारा उशीला टेकून पडला होता, दोन्ही हातांना पट्ट्या. इतकं लहान मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"पाणी होतं तिथे," ते म्हणाले. "मी प्यालोय. बाटलीत भरून तुला आणून दाखवणार होतो."

"माझी मुलगी होती तुमच्याबरोबर, डॉन एलिसेओ."

"माहीत आहे."

"माहीत असतं तर नेलीच नसती."

 सलाइनच्या नळीतून थेंब पडत होते. "हॉर्न ऐकू येत होता मला," ते म्हणाले. "पाय उठत नव्हते. मूर्खासारखी एकदा तिला हाक मारली. आणि मग घाबरलो. त्या मुलखात मी कधी घाबरलो नव्हतो. वाटलं, आता ती येणार. माझ्यामागे आली नाही असं कधी झालंय? देवाला म्हणालो, माझं काय करायचं ते कर, पण ती वळणावर दिसू देऊ नकोस. सारखा वळणाकडे बघत होतो." मग त्यांनी विचारलं, "कशी काय आली नाही ती?"

"मी सांगितलं होतं. तुम्ही हाका मारत असलात तरी जायचं नाही म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं चिडतील, निदान दुखावतील.

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि पट्टी बांधलेल्या हाताने डोळे झाकले.

मी ठरवलेलं पुढचं काही बोलले नाही. राग गेला नव्हता. अजून पुरता गेलेला नाही. खुर्ची ओढून मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांना चमच्याने जेली भरवली, कारण त्यांच्या हातांनी ते जमण्यासारखं नव्हतं.

ऑक्टोबरची सुट्टी अशीच गेली. सहलीचं नाव कुणी काढत नव्हतं. ते काढलं नायेलीने, नोव्हेंबरात, थंडी पडल्यावर. "आपण जाणार आहोत की नाही?" गिलने माझ्याकडे पाहिलं. डॉन एलिसेओ म्हणाले, "तुम्ही जा, मी घर बघतो." नायेली म्हणाली, "मग मी पण घर बघते." तिचा चेहरा बघून मला कळलं की आता गेलो नाही तर ही पोर त्या ओढ्याजवळच बसून राहील. आणि बहुधा मीही.

म्हणून यावेळी आखणी मी केली. रेंजरच्या चौकीजवळची जागा, पाण्याचे इतके कॅन की गिलच्या गाडीत पाय ठेवायला जागा उरली नाही, मचाका, म्हणजे सुकवलेलं मांस, आणि अंडं भरलेले बरीतो फॉइलमध्ये बांधलेले. डार्लाला आमचा सगळा मार्ग सांगून ठेवला. निघताना मी कॅन पुन्हा एकदा मोजले आणि ते नायेलीने पाहिलं, पण चिडवलं नाही.

उद्यानाच्या फाटकातून आत शिरलो. दोन्ही बाजूंना ते तसंच पसरलेलं, काटेरी, फिकट, कुणाचीच पर्वा नसलेलं. नायेली मागच्या सीटवर वेलोंच्या खांद्याला टेकून झोपली होती. मी रस्त्यावर नजर ठेवून होते.

"इसेला," मागून डॉन एलिसेओंनी हळूच विचारलं, "इथून डावीकडे का?"

त्या मुलखात ते कुणाला रस्ता विचारतील असं मला कधी वाटलं नव्हतं. आता ते माझ्या भरवशावर होते, आणि ती भीती आधीच्या भीतीपेक्षा वेगळी होती.

"नाही," मी म्हणाले. "अजून पुढे आहे. मी सांगते."