कोपर ते मनगट

"बेड्या काढा," एक्स-रेवाल्या बाई म्हणाल्या.

"पळाला तर?" हवालदाराने विचारलं.

"तर माझ्या अंगावरून पळेल. लोखंड फोटोत येतं. आणि तुम्ही बाहेर थांबा. मशीन चालू असताना आत फक्त पेशंट."

हवालदार बेड्या काढता काढता कुरकुरला. "मनगटाचा एकच काढा, बाई. चिठ्ठीवर तेवढंच आहे. कोठडीच्या पायरीवर पडला. ही बाहेरून आलेली माणसं म्हणजे नुसती नाटकी."

"हाडाला नाटक जमत नाही, हवालदार," म्हणत बाईंनी दार लावून घेतलं.

सव्वीस वर्षं त्या याच खोलीत होत्या. पडणारा माणूस हात टेकतो आणि बहुतेक वेळा मनगट मोडतं, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. या बांधकाम मजुराचं मनगट धड होतं. सूज होती त्याच्या बरीच वर, करंगळीच्या बाजूला, कोपर आणि मनगटाच्या मधोमध.

"काय झालं, दादा?"

"पडलो," तो परक्या उच्चारात म्हणाला. पाठ करून घेतल्यासारखं.

बाईंनी पुढे विचारलं नाही. मशीनचं डोकं खाली ओढायला त्यांनी हात वर केला, तर त्याने चटकन तोच सुजलेला हात चेहऱ्यापुढे धरला. त्या थांबल्या. "मशीन ओढतेय, दादा. बघा, मशीन." मग त्यांनी कोपरापासून मनगटापर्यंत अख्खा हात घेतला, वरून एक, बाजूने एक.

फोटो घेऊन त्या स्वतः डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर वयाने लहान, सकाळपासून उभा. हवालदाराच्या सांगण्यावरून चिठ्ठी त्यानेच लिहिली होती.

"मी मनगट लिहिलं होतं ना, ताई?"

"लिहिलं होतंत. आता हे बघा."

त्याने फोटो उजेडासमोर धरला. "हे पडून नाही मोडलेलं."

"मग तसं लिहा. आणि त्याला कोठडीत परत पाठवू नका. पुन्हा मार खाईल."

"पोलीस माझ्या मानगुटीवर बसतील."

"फोटोवर माझी सही आहे. बसू देत की दोघांच्याही."

डॉक्टरने जुनी चिठ्ठी फाडली नाही. तिच्याखालीच लिहिलं: हाड मध्यभागी मोडलेलं, वार अडवताना मोडतं तसं, भरती करावं.

हवालदाराने ते दोनदा वाचलं आणि साहेबांना फोन लावला. वॉर्डबॉयने चाकाची खुर्ची आणली. मजुराने नको म्हणून मान हलवली. मोडका हात दुसऱ्या हाताने छातीशी धरून तो वॉर्डाकडे चालू लागला. फोन कानाला तसाच ठेवून हवालदार मागे लगबगीने निघाला. पण वाट अरुंद होती, आणि मजूर मधोमध चालत होता, सावकाश.